माठाचं कलम

सरांच्या स्मरणिकेसाठी लेख मागणारं पत्र आलं, तेव्हा त्यात माझ्या नावाखाली लिहिलं होतं, 'मंडळाचे माजी अकोला शाखाप्रमुख'. पत्र लिहिणाऱ्या मुलाचा काही दोष नाही. त्यानं कॉलेजच्या भिंतीवरच्या पाटीवरून नाव उतरवून घेतलं असणार. पाटीवर ते आहेच. मंडळ होतं, पद होतं, मीही होतो. अकोल्याला शाखा मात्र कधीच नव्हती. मी त्या मुलाला दोन ओळींचं उत्तर पाठवलं, की माझा लेख लांबेल आणि तुम्हाला तो छापणं जड जाईल. तो लेख हा.

सर आम्हाला अमरावतीच्या कॉलेजात नागरिकशास्त्र शिकवत. मुलं पाठीमागे त्यांना घटनामास्तर म्हणत आणि त्यांना ते माहीत होतं. भर मे महिन्यातही अंगात काळा कोट. कोटाच्या डाव्या खिशात मसुद्यांच्या चिठ्ठ्या आणि उजव्या खिशात मंजूर झालेल्या. रस्त्यानं जाताना एखादा विचार सुचला, की भिंतीला कागद टेकवून पेन्सिलीनं लिहायचे आणि डाव्या खिशात टाकायचे. डावीकडचा विचार उजवीकडे जायला कधी कधी वर्षही लागे.

जिथे दोन माणसं जमत तिथे त्यांना घटना हवी असे. कॉलेजच्या सायकली कोणी कशा लावायच्या याची त्यांनी अकरा कलमं केली होती. अंबागेटजवळच्या त्यांच्या न्हाव्याच्या दुकानात नंबरावरून भांडणं होत, म्हणून तिथेही एक कागद चिकटवला होता. आधी आलेला आधी बसेल, पण लग्नघरचा माणूस सर्वांच्या आधी. न्हावी तो नियम इमानदारीनं पाळायचा. घरी भाजीवर मतदान होई. सर, काकू आणि दोन मुली, अशी चार मतं. एकदा वांग्याची भाजी तीन विरुद्ध एक अशी पडली आणि तरी काकूंनी तीच केली. सर उभे राहिले, निषेध नोंदवला, मग खाली बसून दोन पोळ्या जास्त जेवले.

उभं राहिल्याशिवाय त्यांना महत्त्वाचं बोलता येत नसे. चहाच्या टपरीवरसुद्धा बाकावरून उठून बोलायचे. समोर मी एकटा असलो तरी नजर माझ्यावर नसे. खोलीच्या एका कोपऱ्यात अध्यक्ष बसलेले आहेत असं धरून ते तिकडे पाहत बोलत. वर्गात त्यांची भाषा छापील होती. पण एखादी गोष्ट खरोखर आतून आली की जिभेवर त्यांच्या अकोट भागातली वऱ्हाडी यायची. "ज्याले खुर्ची पाह्यजे, त्याच्या हाती पह्यले झाडू द्या," हे त्यांचं वाक्य कॉलेजात सगळ्यांना पाठ होतं.

ते वाक्य उगीच आलं नव्हतं. कॉलेजच्या निवडणुकांत तेव्हा मोठ्या घरची मुलं जीपगाड्या फिरवत, हॉटेलं उघडी ठेवत आणि निवडून आलं की वर्षभर फोटो काढून घेत. सरांना त्याची किळस होती. त्यांना एक चर्चा मंडळ काढायचं होतं, ज्याचं प्रमुखपद हावरटाला नकोसं वाटेल. त्याची घटना लिहायला त्यांना सुवाच्य अक्षराचा मुलगा हवा होता आणि इंटरच्या वर्गात माझ्याइतकं चांगलं अक्षर कोणाचं नव्हतं. मी तेल्हाऱ्याचा, तिथल्या कापसाच्या जिनात हमाली करणाऱ्या बापाचा मुलगा. सरकारी वसतिगृहात राहत होतो. आम्ही बौद्ध होऊन तीन वर्षं झाली होती.

जूनचा सबंध महिना मी रोज सकाळी सरांच्या राजापेठेतल्या घरी जाऊन ओसरीवर बसायचो. सर येरझारा घालत सांगत आणि मी टाकानं मोठ्या वहीत लिहीत असे. त्या महिन्यात मला जो आनंद झाला तसा पुढे नोकरीचा हुकूम हातात पडला तेव्हाही झाला नाही. हे लिहिताना माझी चिडचिड होते, पण खरं ते सांगितलं पाहिजे.

सरांची रचना अशी होती. कायमचा अध्यक्ष नाही. दर महिन्याला एक सभासद अध्यक्ष होईल आणि तो चिठ्ठी टाकून ठरेल. सगळ्यांची पाळी होईपर्यंत कोणाची दुसऱ्यांदा येणार नाही. अध्यक्षाला खुर्ची नाही, पाठ नसलेलं स्टूल. उपाध्यक्ष मुळीच नाही, कारण उपाध्यक्ष म्हणजे अध्यक्ष आजारी पडायची वाट पाहणारा माणूस, असं सरांचं मत. कार्यवाह असेल, पण त्यानं सभेत बोलायचं नाही, फक्त लिहायचं. तो मी.

आणि कलम सात. ते मला अजून पाठ आहे. 'त्या महिन्याचा अध्यक्ष सभेच्या अर्धा तास आधी येईल, खोली झाडील, माठ भरील आणि प्रत्येक सभासदास स्वहस्ते पाणी देईल. पाणी घेतलेल्या सभासदांचीच गणपूर्तीत मोजणी होईल.' म्हणजे निम्म्या लोकांनी अध्यक्षाच्या हातचं पाणी प्यायल्याशिवाय सभा सुरूच होणार नाही.

हे सांगून झाल्यावर सर येरझारा घालायचे थांबले. लिहिलं का, म्हणून विचारलं. मी लिहिलं म्हणालो. वाच म्हणाले. मी वाचलं. पुन्हा वाचायला लावलं. त्या दिवशी ते कोपऱ्याकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. अक्षर तपासताहेत असं मला वाटलं. आज माझी खात्री आहे, की ते कलम लिहिणारा हात कोणाचा आहे हे त्यांना चांगलं माहीत होतं.

त्या घरी मला चहा मिळे. काचेच्या पेल्यात मिळे आणि तो पेला ओसरीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. चहा झाला की मी तो विसळून पालथा घालायचो. घरातले सगळे कपबशीतून पीत. मला त्याचं काही वाटलं नाही असं म्हणणार होतो, पण वाटलं होतं. कलम सात लिहून झाल्यावर मात्र ते मनाला लावून घ्यावंसं वाटेना. ज्या माणसानं हे कलम केलं, त्याच्या घरातला पेला उद्या आपोआप आत जाईल असं मी धरून चाललो.

मंडळाचे एकवीस सभासद झाले. कोऱ्या माठात चिठ्ठ्या टाकल्या आणि जुलैपासून मार्चपर्यंतचे नऊ महिने काढले. ऑगस्ट निघाला वसंताच्या नावावर. वसंता मोर्शीच्या संत्र्याच्या बागायतदाराचा मुलगा, अतिशय मऊ बोलणारा, कोणाला कधी दुखावून न बोलणारा. सप्टेंबर सलीमचा. सलीम अकोल्याचा, माझ्याच बाकावर बसायचा. डिसेंबर माझा.

मी घरी कार्ड टाकलं, की डिसेंबर महिना माझा आहे, सगळ्यांना पाणी मी देणार. वसतिगृहातल्या खोलीत रात्री जेवणं झाल्यावर मी हातात भरला पेला धरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचो, सांडू नये म्हणून. खोलीतली मुलं हसायची. मला अध्यक्ष व्हायची हौस नव्हती असं कशाला म्हणू, होतीच. पण त्याहून मोठी हौस त्या वीस पेल्यांची होती. आमच्या बाबांनी जन्मभर गावच्या विहिरीवर दुसऱ्यानं वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेतलं होतं. त्यांच्या मुलानं वीस जणांना आपल्या हातानं पाणी द्यायचं होतं, आणि तेही नियमानं. कोणाच्या मेहेरबानीनं नव्हे.

सप्टेंबरात सलीमनं खोली अशी झाडली की फरशीत तोंड दिसावं. दोन सभासद त्या महिन्यात दर शनिवारी गणपूर्ती मोजून झाल्यावर यायचे. कधी टांगा मिळाला नाही, कधी आईला बरं नाही. सरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी उशिरा येणाऱ्यांसाठी नवं कलम केलं आणि दाराला आतून कडी घातली. पुढच्या शनिवारी ते दोघं आलेच नाहीत. सरांनी वहीत लिहायला सांगितलं, 'प्रकृतिअस्वास्थ्यामुळे अनुपस्थित'. मी ते लिहिलं. वसंता सलीमच्या हातचं पाणी प्यायला, हेही मी नमूद करतो. सलीम माझ्याकडे पाहून नुसता हसला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी सरांनी सभेत उभं राहून घटनादुरुस्ती मांडली. मंडळाचा व्याप आता अमरावतीत मावत नाही, अकोल्याला शाखा निघाली पाहिजे आणि तिच्या उभारणीसाठी आपल्यातला सगळ्यात कर्तबगार माणूस दिला पाहिजे, असं ते म्हणाले. शाखाप्रमुखाचा दर्जा मासिक अध्यक्षाहून वरचा राहील. म्हणून शाखाप्रमुख मासिक पाळीच्या जबाबदारीतून मुक्त राहील. त्याच्या महिन्यासाठी नवी चिठ्ठी काढली जाईल. मग त्यांनी माझं नाव घेतलं.

टाळ्या झाल्या. पहिली टाळी वसंताची होती. सरांनी खिशातून झेंडूचा हार काढला, मसुद्यांच्याच खिशातून, आणि माझ्या गळ्यात घातला. ठरावाला हात वर करायची वेळ आली तेव्हा सर्वांत आधी माझाच हात वर गेला. वीस हात वर झाले. सलीमचा झाला नाही. ती दुरुस्ती मीच वहीत लिहिली, कलम सात (अ), आणि खाली लाल शाईची रेघ ओढली. वही उघडून कोणी पाहिलं तर आजही म्हणेल की याच्या संमतीनं झालं, याच्याच अक्षरात आहे.

बाहेर आल्यावर मी सलीमला विचारलं की हात का नाही वर केलास. तो म्हणाला, "तेरा महिना गया ना, भाई. कावून गेला, ते पूस."

का गेला ते मी विचारलं नाही; मला वाटलं याला माझं वर जाणं खुपतंय. मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही.

डिसेंबरातल्या चारही शनिवारी सरांनी मला अकोल्याला पाठवलं. सकाळी बडनेऱ्याला जाऊन गाडी धरायची आणि रात्री परत. शनिवारीच का, हा प्रश्न मला बडनेऱ्याच्या फलाटावर तासभर उभं राहूनही पडला नाही. अकोल्यात मी शाळा-कॉलेजांच्या दारात उभा राहून मुलांना मंडळाची घटना समजावून सांगायचो. मुलं ऐकून घ्यायची आणि मॅटिनीला जायची. शाखा म्हणून मला बसायला जागा मिळाली ती सलीमच्या मामाच्या शिंपीकामाच्या दुकानात. सलीमशी मी बोलत नव्हतो, तरी त्यानं मामाला चिठ्ठी दिली होती. मामा मशीन चालवता चालवता माझं भाषण ऐकत आणि मध्येच तांब्या पुढे करून म्हणत, "पानी पिओ, प्रमुखसाब." त्यांनी थट्टा केली की मान दिला, मला अजून कळलेलं नाही.

नाताळच्या सुटीत तेल्हाऱ्याला गेलो. बाबा जिनातून आले, डोक्याच्या केसांत, भुवयांत सरकीचा कापूस तसाच. मी त्यांना सगळं सांगितलं. हार घातला, टाळ्या झाल्या, दर्जा वरचा. बाबा भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांना कार्डावरचा डिसेंबर आठवत होता. तर मग डिसेंबरात पाणी कोण देतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, दुसऱ्याची चिठ्ठी निघाली. शाखाप्रमुखाला ते काम नसतं.

बाबांनी भुवयांवरचा कापूस पुसला. मग म्हणाले, "आमाले हाकलत, तवा हाकलून रायले हे समजत तरी होतं. तुले हार घालून हाकललं, लेका."

मायनं भाकर वाढली होती. मी ताटावर बसलो आणि तुकडा मोडून तसाच ठेवला. बाबांना अक्षर येत नव्हतं. मी सबंध घटना लिहून काढली होती, कलम न कलम मला पाठ होतं आणि मला जे एका महिन्यात दिसलं नाही ते त्यांना ओसरीवर बसल्या बसल्या दिसलं. मला आधी त्यांचाच राग आला. मग सरांचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

सुटी संपल्यावर मी थेट राजापेठेत गेलो. सर ओसरीवरच होते. माझा चेहरा पाहूनच ते उभे राहिले आणि हात डाव्या खिशात गेला. मी एवढंच विचारलं, की माझा महिना का काढून घेतला.

सरांनी काही लपवलं नाही. लपवण्याइतका धूर्तपणा त्यांच्यात नव्हता. वसंता घरी आला होता, म्हणाले. फार सभ्यपणे बोलला. त्याचं स्वतःचं काही म्हणणं नव्हतं, पण सात-आठ जण डिसेंबरात येणार नाहीत आणि आणखी तिघे-चौघे आले तरी पाणी घेणार नाहीत, असं त्याच्या कानावर होतं. गणपूर्ती झाली नसती. एक महिना सभा झाली नाही तर मंडळ विसर्जित होतं, हे कलम अठरा. सर म्हणाले, मंडळ पहिल्याच वर्षी मेलं असतं. आणि तुझा चारचौघांत अपमान झाला असता, तो मला पाहवला नसता.

त्यांच्या पाहवण्याचा प्रश्न होता तर. मी म्हणालो, मला विचारायचं होतं. मग मी दुसरा प्रश्न विचारला आणि तो विचारताना माझी छापील भाषा गळून पडली.

"सर, माह्या हातचं तुमी पेले असते काय?"

सर कोपऱ्याकडे पाहू लागले. आतून काकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला. कोनाड्यात माझा पेला पालथा होता. सर म्हणाले, "तो मुद्दा कार्यपत्रिकेवर नव्हता."

मी तिथेच बसून राजीनामा लिहिला, सुवाच्य अक्षरात. सरांनी तो वाचला, खाली सही केली आणि उजव्या खिशात ठेवला.

त्या रात्री मी सलीमकडे गेलो. त्यानं सरकून पलंगावर जागा दिली. त्यानंही मंडळ सोडलं, पण ते त्यानं मला सांगितलं नाही. मला ते वर्षभरानं दुसऱ्याकडून कळलं.

मला खरी चीड कशाची आहे ते नीट सांगतो, नाहीतर लोकांना वाटेल की एका महिन्याच्या स्टुलासाठी हा माणूस जन्मभर कुढत बसला. डिसेंबरात मी माठ भरला असता. वीस पेले दिले असते. कोणी घेतले असते, कोणी तोंड फिरवलं असतं, एखादा दारातूनच परत गेला असता. मला दुःख झालं असतं, पण कोण कुठे उभा आहे ते कळलं असतं. कदाचित ज्याच्याबद्दल कधी वाटलंही नव्हतं असा एखादा मुलगा पुढे येऊन घटाघटा पाणी प्यायला असता आणि तो मला जन्माचा मित्र मिळाला असता. सरांनी यातलं काहीच होऊ दिलं नाही. नाही म्हणायची लाज त्यांनी कोणावर येऊ दिली नाही आणि हो म्हणायची संधीही कोणाला दिली नाही. वहीत सगळे सज्जन राहिले. ते स्वतःही.

मंडळ जगलं, उत्तम जगलं. दुसऱ्या वर्षी कलम सात रद्द झालं आणि पाणी द्यायला कॉलेजचा शिपाई येऊ लागला. सरांच्या रचनेचं नाव झालं. दुसऱ्या कॉलेजांतले लोक येऊन घटना उतरवून नेऊ लागले. मी नोकरीला लागून अकोल्याला आलो, त्यानंतर एकदा सरांचं तिथे व्याख्यान झालं. मी शेवटच्या रांगेत बसलो. पुढारी कसा असावा हे सांगताना त्यांनी ते कलम म्हणून दाखवलं, अध्यक्षानं खोली झाडावी, माठ भरावा, स्वहस्ते पाणी द्यावं. लोक भारावून गेले. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, वा, काय विचार आहे. सरांचा घसा कोरडा पडला होता, पण समोर झाकून ठेवलेल्या पेल्याला त्यांनी भाषण संपेपर्यंत हात लावला नाही. मी दिसल्यामुळे असेल. मी न भेटता निघून आलो.

मग एका मे महिन्यात ते माझ्या घरी आले. निवृत्त होऊन ते मोठ्या मुलीकडे अकोल्याला राहायला आले होते. दुपारी तीनची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि दारात काळा कोट. छत्री होती, पण उन्हानं चेहरा भाजून निघाला होता. मी खुर्ची पुढे केली. बसले नाहीत.

बायको पाण्याचा पेला घेऊन आली, कोणाहीसाठी आणते तसा. सरांनी तिला हात जोडले आणि म्हणाले, "सूनबाई, तुमी नाई. त्याच्या हातून पाह्यजे."

मग पिशवीतून त्यांनी वही काढली. तीच. पानं पिवळी पडली होती, माझं अक्षर मात्र जसंच्या तसं. शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनी नवी सभा मांडली होती. अकोला शाखेची पहिली सभा. अध्यक्ष म्हणून शाखाप्रमुखाचं, म्हणजे माझं, नाव. उपस्थित सभासद, एक. खाली अध्यक्षाच्या सहीसाठी जागा सोडलेली.

"तू विचारलं होतं ना मले," ते म्हणाले. "तेचं उत्तर द्याले आलो."

आमच्या खोलीच्या कोपऱ्यात माठ होता. मी पेला भरला आणि त्यांच्या हातात दिला. वसतिगृहातला तो सगळा सराव असूनही थोडं पाणी फरशीवर सांडलं. सर उभ्यानं प्यायले, एका दमात, पाणी हनुवटीवरून कोटावर ओघळलं. पेला पुढे केला. मी दुसरा दिला. तोही प्यायले. पेला खाली ठेवून त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, गणपूर्ती झाली, आता सही कर.

मला त्यांची दया आली. आणि दया आली याचाही राग आला. माझ्या घरात, दार लोटलेलं असताना, बायकोखेरीज कोणी पाहत नसताना हा माणूस दोन पेले प्यायला होता, आणि तेवढ्यावर त्याला वही पुरी करायची होती. मी पेन घेतलं नाही.

"सर, घरी आलेल्या मानसाले पाणी देल्लं मी," मी म्हणालो. "ते मंडळाचं नवतं."

"मंग इतिवृत्तात काय लिहू?"

"काईच नोका लिहू. तुमाले तहान लागली होती."

सरांनी सवयीनं कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे नुसता माठ होता. मग ते खाली बसले. बोलणं अर्धवट असताना बसलेले मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग उठले, वही पिशवीत घातली आणि छत्री उघडून उन्हात गेले. पुढच्या पावसाळ्यात ते वारले. ती वही कॉलेजला गेली असावी. सही नसूनही पाटीवर माझं नाव लागलं, त्याअर्थी ते पान कोणीतरी वाचलं.

बायको मला अजून म्हणते की म्हातारा माणूस होता, उन्हातून आला होता, एक सही केली असती तर काय बिघडलं असतं. काही बिघडलं नसतं. सर पाणी प्यायले, हे मला आता माहीत आहे. बाकीचे वीस प्यायले असते की नाही, ते मला कधीच कळणार नाही.